एक चिंधी काढून दाखवा

"दाखवा. एक चिंधी काढून दाखवा," तात्या म्हणाले आणि त्यांनी सतरंजीचं टोक उचलून फडाफडा झटकलं.

महिला मंडळाच्या अध्यक्षा मगदूमबाई खुर्चीतून वाकल्या. त्यांनी खरोखरच सतरंजीखाली डोकावून पाहिलं. फरशीवर खडूच्या पांढऱ्या भुकटीशिवाय काहीही नव्हतं.

"एकसुद्धा नाही हो! कमाल आहे तुमची, तात्या."

तात्यांनी मान किंचित झुकवली. नम्रपणा दाखवायचा असला की ते अशी मान झुकवत. एरवी ती ताठच असे.

तात्या म्हणजे माझे सासरे. इचलकरंजीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या कापडाच्या घड्या घातल्या. निवृत्त होऊन घरी बसले, आणि महिनाभरातच त्यांना साक्षात्कार झाला की जगातले सगळे शिंपी चोर आहेत. त्या दिवसापासून घरातला एकही कपडा बाहेर शिवायला गेला नाही. तात्या जमिनीवर कापड पसरायचे, खडूने आखायचे आणि कातरायचे. सदऱ्याची बाही कुठे, पोलक्याची पाठ कुठे, नातीच्या फ्रॉकचा घेर कुठे, हे सगळं ते एकाच कापडात असं बसवायचे की काही म्हणून उरायचं नाही. गळ्याचा कापलेला गोल तुकडासुद्धा खिसा होऊन परत सदऱ्यावर यायचा. शेजारपाजारची माणसं ते बघायला येत. आमच्या घरी लोक चहाला यायचे आणि फरशी बघून जायचे.

शिवत मात्र माई. तात्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्यांनी कापलेले ते शंभर नमुन्यांचे तुकडे घेऊन माझ्या सासूबाई मशीनवर बसत आणि त्यातून माणसांना घालता येतील असे कपडे काढत. त्याबद्दल त्यांना कुणी कधी मान झुकवायची संधी दिली नाही.

आणि उरायचं नाही म्हणजे काय, तर कुठेतरी कमी पडायचं. आता कुठे कमी पडावं? ते तात्यांच्या सदऱ्यात कधी पडलं नाही. माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यातही नाही. ते नेमकं माईंच्या पोलक्यात कमी पडायचं, आणि मी लग्न होऊन आले तशी माझ्याही. मग काखेत जोड. पोपटी पोलक्याला काखेत निळी रेघ, जांभळ्याला पिवळे ठिपके. तात्या म्हणत, "काखेत कोण बघतंय?" जणू बायकांचे हात शिवूनच टाकलेले असतात. शिवणीच्या आत थोडं कापड सोडणं त्यांच्या लेखी पाप होतं. माझं पहिल्या संक्रांतीचं पोलकं हळदीकुंकवाला वाण देताना खांद्यापासून उसवलं. घरी येऊन सांगितलं, तर म्हणाले, "हात एवढा लांब करायचं काय कारण होतं?"

तर मगदूमबाई आल्या होत्या आमंत्रण द्यायला. दिवाळीच्या आधी मंडळाच्या सभागृहात तात्यांनी प्रात्यक्षिक करायचं. विषय होता, घरच्या घरी शिवण, कापड वाया न घालवता.

"कापड आम्ही आणून देतो," बाई म्हणाल्या.

"छे, छे! विकत आणलेलं कापड कुणीही कापेल. घरात वर्षभर नुसतं पडून राहिलेलं कापड बाहेर काढा, हाच माझा संदेश आहे." तात्यांचा संदेश असायचा. साधं सांगणं त्यांना जमत नसे. "आमच्याकडे आहे तसलं एक."

माई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या तिथेच थबकल्या. तात्या कुठल्या कापडाबद्दल बोलतायत, हे आम्हा दोघींना त्याच क्षणी कळलं.

माईंचे धाकटे भाऊ, आबामामा, शेजारच्या रेंदाळला हातमाग चालवायचे. डोळे अधू झाले तसा त्यांनी माग मोडला. पण मोडायच्या आधी मागावर शेवटचं कापड त्यांनी काढलं ते बहिणीसाठी. डाळिंबी रंगाचं, काठाला बारीक पिवळी रेघ. मागच्या भाऊबीजेला ते स्वतः घेऊन आले होते. माईंनी ते ट्रंकेत ठेवलं होतं, आणि अधूनमधून उन्हाला काढून, हात फिरवून, परत तशीच घडी घालत. मला एकदा म्हणाल्या होत्या, "ह्या दिवाळीला शिंप्याकडं टाकायचं. लांब बाह्यांची दोन पोलकी. आबा भाऊबीजेला येईल तवा अंगात पाहिजे." शिंपी हा शब्द त्या इतक्या हळू बोलल्या की मला हसू आलं.

मगदूमबाई गेल्यावर माईंनी कपबशा उचलल्या नाहीत. तशाच उभ्या राहिल्या.

"ते कापड न्हाई," त्या म्हणाल्या. "ते आबानं दिलंय."

"आबानं दिलंय म्हणजे ट्रंकेत कसर लागायला दिलंय काय?" तात्या खडू पुसत होते. "त्यातून माझा सदरा निघतोय, आणि तुझं पोलकंही काढून देतो. तुझा फायदाच आहे."

"मला ते शिंप्याकडनं शिवायचंय."

तात्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. असलं वाक्य त्यांच्या बायकोच्या तोंडून आपोआप येणं त्यांना शक्य वाटेना.

"शिंप्याकडून? भंडारे तात्यांची बायको शिंप्याकडे जाणार? उद्या गावात तोंड कुठं दाखवू मी?"

माझा नवरा पेपर वाचत होता. घरात काहीही झालं तरी त्याची दोनच वाक्यं ठरलेली होती. त्यातलं पहिलं तो बोलला. "माई, जाऊ दे की. तात्यांचा मान आहे." दुसरं वाक्य "जेवायला काय आहे?" हे होतं, आणि तेही पाठोपाठ आलंच.

एक गृहस्थ डाळिंबी रंगाचा सदरा घालून बँडवाल्यासारखा दिसणार, आणि त्यासाठी एका म्हाताऱ्या विणकराच्या शेवटच्या कापडाचे तुकडे होणार. आणि घरातल्या दुसऱ्या पुरुषाला भूक लागलेली. मला दोघांचीही किळस आली.

संध्याकाळी मी माईंना गाठलं. त्या भाकऱ्या थापत होत्या.

"द्या ते कापड माझ्याजवळ. आत्ताच्या आत्ता बाजारात शिंप्याकडे टाकून येते. एकदा त्याने कातर लावली की काय करणार आहेत?"

"न्हाई. हे सोडायचे न्हाईत. दुकानात जाऊन शिंप्याच्या हातातनं ओढून आणतील आणि वर त्याला चार शब्द ऐकवतील."

"मग काय, देणार तुम्ही?"

माईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"कातरताना त्यातला एक तुकडाबी टाकत न्हाईत न्हवं?"

"नाही टाकत. त्याचाच तर सगळा डौल आहे."

"मग घेऊ दे," त्या म्हणाल्या.

मला इतका राग आला की मी तिथून उठलेच. इतकी वर्षं काखेत जोड घेऊन फिरलेली ही बाई, आता पोटच्यासारखं जपलेलं कापडही हातानं काढून देणार. अशा माणसांवर दया करण्यात काही अर्थ नाही, असं माझं तेव्हाचं मत झालं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. दिवाळीच्या तोंडावर घरची कामं टाकून बायका आल्या होत्या. फुकटात कापड वाचतंय म्हटल्यावर कोण येणार नाही? स्टेजवर सतरंजी पसरली होती. एका बाजूला माईंचं पायमशीन ठेवलं होतं, हातगाडीवरून आणलेलं. तात्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. त्या सदऱ्याला अर्थातच कुठेही जोड नव्हता. मशीनजवळ, स्टुलावर, माई बसल्या होत्या. दोरे, कातर आणि तेलाची कुपी हाताशी लागावी म्हणून मला त्यांच्या शेजारी बसवलं होतं.

तात्यांनी कापड उलगडलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी "अय्या" केलं, इतका तो रंग सुरेख होता. तात्यांना वाटलं, ते त्यांच्यासाठीच आहे.

"माता-भगिनींनो," त्यांनी सुरुवात केली, "शिंपी काय करतो? शिंपी तुमच्या डोळ्यांदेखत तुम्हाला लुटतो."

मग ते गुडघ्यांवर बसून आखू लागले. आखताना तोंड चालूच. उभा धागा, आडवा धागा, बाही कशी उलटी टाकायची, सदऱ्याच्या बाजूच्या दोन त्रिकोणी कळ्या एकमेकींत कशा बसवायच्या. सगळं आखून झालं आणि त्यांनी मोठी कातर हातात घेतली. कातर कापडात शिरल्याचा करकर आवाज झाला. मी माईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे तात्यांच्या चेहऱ्यावर नव्हतेच. कातर जिथून जात होती तिथे, प्रत्येक रेघेवर, त्या बघत होत्या. एखादं लहान मूल दाटीच्या बाजारातून हात सोडून चाललंय आणि आई त्याच्यावरची नजर काढत नाही, तसं.

कापून झालं. तात्या उठले, गुडघे झटकले, आणि सतरंजीचं टोक धरून ती वर उचलली.

"दाखवा! एक चिंधी काढून दाखवा!"

टाळ्या. मगदूमबाईंनी तर उभं राहून वाजवल्या.

"आता आमचं घरचं माणूस हे शिवेल," तात्या म्हणाले, "तोवर मी आपल्याशी काटकसरीविषयी दोन शब्द बोलतो."

दोन शब्द बराच वेळ चालले. बायकांची जात कशी उधळी. बाजारात गेल्या की त्यांना हवं ते आणि नको तेही कसं दिसतं. त्यांच्या आईने एक लुगडं कसं अनेक वर्षं वापरलं आणि शेवटी त्याचं फडकं करून तेच दिव्याला वात म्हणून जाळलं. त्या माउलीला ते आवडत होतं की नाही, हे तात्यांनी कधी विचारलं नसणार. समोर बसलेल्या बायका माना डोलवत होत्या. शिव्या खाऊन माना डोलवायला आमच्याकडे बायकांना फार छान शिकवलेलं असतं.

माईंनी तुकडे मांडीवर घेतले होते. पायाखाली मशीन चालू लागलं. मी त्यांना एकेक तुकडा हातात देत होते. सदऱ्याची पुढची बाजू दिली. मग बाही दिली. बाही खांद्याला लागायला हवी. त्यांनी ती पुढच्या बाजूच्या कडेला, खाली, उलटी धरली. मला वाटलं, चूक होतेय.

"माई, ती वर," मी कुजबुजले.

"ती हितलीच हाय," त्या म्हणाल्या आणि कडेवर कड ठेवून सरळ टीप मारली.

मग कळी. मग पोलक्याची पाठ. पाठीला त्यांनी सदऱ्याचा गळा लावला, आणि गळ्याच्या भोकात तो खिशासाठी कापलेला गोल तुकडा ठेवून चारी बाजूंनी शिवून टाकला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कापताना त्या प्रत्येक रेघ का बघत होत्या, ते कळलं. एक तुकडाही टाकला जात नाही ना, हे त्यांनी मला भाकरी उलटताना का विचारलं होतं, तेही कळलं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि पुढचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यानंतर त्यांना मागावा लागला नाही. कुठल्या तुकड्याशेजारी कुठला कापला होता, हे मलाही आठवायला लागलं होतं.

तात्या दिव्याच्या वातीवर आले होते. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मशीन चालतंय म्हणजे त्यांना हवं तेच शिवलं जातंय, याबद्दल त्यांच्या मनात शंका येण्याचं काही कारणच नव्हतं.

"आणि आता," ते म्हणाले, "आपण प्रत्यक्षच पाहू. अगं, आण."

माईंनी शेवटचा दोरा दातांनी तोडला. मांडीवरचं शिवण उचललं, नीट चौपदरी घडी केली आणि तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी सदऱ्याचे खांदे धरायला म्हणून दोन्ही हातांनी वरची टोकं पकडली आणि घडी श्रोत्यांसमोर सोडली.

डाळिंबी कापड स्टेजवर जमिनीपर्यंत सरळ लोंबत राहिलं. अख्खं. काठाची पिवळी रेघ वरपासून खालपर्यंत, मध्ये मध्ये टीप खाऊन, पण आपल्या जागेवर. कापड सगळीकडून थोडं आक्रसलं होतं, जागोजागी सुरकुतलं होतं. पण ते कापड होतं. त्यात सदरा कुठेच नव्हता.

तात्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. कुठून तरी बाही बाहेर येईल अशी त्यांना आशा असावी.

"हे काय?"

"कापड," माई म्हणाल्या.

"कापड आहे ते दिसतंय! सदरा कुठं आहे माझा?"

"ह्यातच हाय की. पोलकंबी ह्यातच हाय. तुम्हीच म्हणला न्हवं, एक चिंधीबी गेली न्हाई म्हणून? सगळं जिथल्या तिथं लावलंय. मोजून घ्या."

मागच्या रांगेत कुणीतरी आधी फिस्सकन हसलं. मग दुसरी हसली. मग त्या मघापासून शिव्या खाणाऱ्या बायकांचं सगळं सभागृह असं हसलं की मगदूमबाईंना टेबलावर हात आपटावा लागला. "तात्या, ही पण एक कलाच म्हणायची," त्या म्हणाल्या. ते ऐकून तर हसण्याला ऊतच आला. तात्या दोन्ही हात वर करून, कापड धरून तसेच उभे होते. खाली सोडावं तर सगळं गेलं, वर धरावं तर हसतायत. माईंनी उठून ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं आणि मशीनवर झाकण घातलं.

रिक्षात तात्या बाहेर बघत बसले होते. घर जवळ आल्यावर बोलले.

"सगळं कापड वाया घालवलंस."

त्यानंतर तात्यांनी अबोला धरला. तो आम्हाला दिवाळीची भेट म्हणूनच मिळाला. घरात इतकी शांतता मी लग्न झाल्यापासून अनुभवली नव्हती.

त्याच शांततेत, आम्ही दोघी करंज्या भरत बसलेल्या असताना, मी विचारलं, "माई, शिंप्याकडे जाऊन जोड नसलेलं पोलकंच हवं, असं का एवढं?"

त्यांनी हातातली करंजी मुडपून पूर्ण केली.

"दोन सालामागं आबाला ओवाळत होते. तबक घेऊन हात वर केला. माझ्या पोलक्याला काखेत तीन रंग होते. आबाची नजर तिथं गेली. आणि तो विणकर माणूस. त्याला काय सांगायचं? काही बोलला न्हाई. पण त्या दिवशी जेवला न्हाई तो. पोटात दुखतंय म्हणाला आणि उठला. मग मागल्या सालाला माग मोडायच्या आधी हे काढून घेऊन आला. 'अक्का,' म्हणाला, 'ह्यात तेवढा जोड घालू नको.'"

"आता तर सगळीकडून जोडच झाले," मी म्हणाले.

"व्हय. पण अख्खं हाय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाजारात घेऊन गेले. कुठे चाललो, हे घरी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. जेवण झाकून ठेवलं होतं, तेवढं माझ्या नवऱ्याला पुरेसं होतं.

भाऊबीजेला आबामामा आले. जाड भिंगाचा चष्मा, हातात संत्र्यांची पिशवी. तात्या आपल्या खुर्चीत बसून होते. पाहुण्यासमोर अबोला कसा चालवावा याचा त्यांना प्रश्न पडला होता. माईंनी पाट मांडला आणि त्यावर ते डाळिंबी कापड घडी करून अंथरलं. आबामामा बसताना थांबले. त्यांनी त्यावर हात फिरवला. त्यांची बोटं एका टिपेवरून दुसऱ्या टिपेवर गेली.

"अक्का, हे काय झालं?"

"बस त्याच्यावर. जेवताना सांगते."

मग माईंनी तबक उचललं आणि हात वर केला. अंगात लांब बाह्यांचं हिरवं पोलकं होतं, बाजारातल्या कापडाचं, बाजारात शिवलेलं. काखेत हिरवंच. मनगटापासून कमरेपर्यंत हिरवंच. आबामामांची नजर तिथे गेली, आणि ते बराच वेळ तसेच बघत राहिले. मग त्यांनी कुंकवासाठी कपाळ पुढे केलं. चष्मा त्यांनी काढला तो पुसायलाच.

तात्यांनाही दिसलं. त्यांना ना भाऊ दिसला, ना बहीण. त्यांना दिसली शिवण.

"हे कुणी शिवलं?"

"शिंप्यानं."

"शिंप्यानं! ती बाही बघ, किती ढगळ. शिवणीच्या आत किती कापड कोंबलंय त्यानं! आणि चिंध्या? निदान चिंध्या तरी मागून घेतल्यास का?"

माईंनी निरांजन भावाच्या तोंडावरून सावकाश ओवाळलं. एकदा, मग आणखी एकदा. हात पूर्ण लांब करून.

"मूठभर होत्या," त्या म्हणाल्या. "त्याला म्हटलं, माझ्यासमोर केरात टाक. टाकल्या त्यानं."

त्या दिवशी आबामामांनी करंज्या दोनदा मागून घेतल्या.